बिरूदादाच्या जहाजाचं दार

काशिनाथभाऊंचा फोन आला तेव्हा मी तुळजापुरातल्या आमच्या लॉजच्या काउंटरवर होते. सोलापूरहून आलेल्या एका कुटुंबाला खोलीची किल्ली देत होते आणि त्यांच्यातल्या आजी, पाणी गरम आहे ना, अंघोळ करून लगेच दर्शनाला जायचंय, असं पुन्हा पुन्हा विचारत होत्या. काशिनाथभाऊ फोनवर नेहमी ओरडून बोलतात. उभी हयात जहाजाच्या भटारखान्यात गेली, तिथं हळू बोललेलं कुणाला ऐकूच जात नसे म्हणे. पण त्या दिवशी त्यांचा आवाज इतका बारीक होता की आधी मी ओळखलाच नाही. "ताई, बसलाव का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, उभीच आहे, बोला. तर म्हणाले, "बसा जरा… बिरू गेला आपला. शेताकडं निघाला होता, अंगणातच बसला तो उठला न्हाय." मी बसले. आजींना किल्ली दिली, पाणी गरम आहे असंही सांगितलं, आणि मग रडले.

बिरूदादा माझा थोरला भाऊ. आमचं गाव लोहाऱ्यापासून जीपनं पाऊण तास. घरी मेंढरं आणि थोडी हलकी जमीन. आमचे वडील, आप्पा, जन्मभर मेंढरांमागं हिंडले. ते फार कमी बोलायचे आणि बोलले तरी माणसांपेक्षा मेंढरांशी जास्त. अशा घरातला पोरगा नौदलात गेला, याचं गावाला जेवढं नवल वाटलं तेवढंच आम्हालाही. दादा पोहायला शिकला तो विहिरीत, आणि तीही उन्हाळ्यात तळ दाखवणारी. भरतीचं पत्र आलं तेव्हा आप्पा म्हणाले होते, "हितं प्यायला पानी न्हाय आन् हे निघालंय पान्यावर ऱ्हायला." पण दादाला गाडीत बसवायला तेच गेले. धोतर झटकत परत आले, आणि संध्याकाळी मेंढरं मोजताना दोनदा चुकले, असं आई सांगायची.

आता जरा जहाजांविषयी सांगते, कारण दादाविषयी सांगायचं तर त्यांच्याशिवाय भागणार नाही. दादाचं जहाज विमानांचं नव्हतं. त्याचं काम होतं रणगाडे, गाड्या आणि सैनिक पोटात घेऊन थेट किनाऱ्याला जाऊन भिडायचं. नाक वाळूत टेकवायचं आणि पुढचं दार उघडायचं. त्या दारातून सगळं लटांबर गुडघाभर पाण्यात उतरून किनाऱ्यावर चालतं व्हायचं. दादानं पहिल्या सुट्टीत हे सांगितलं तेव्हा आमच्या चुलत्यांनी त्याची चेष्टा केली, "म्हंजी तिथं बी मेंढरंच हाकायलास की." सगळे हसले, दादाही हसला. आप्पा मात्र हसले नाहीत. मेंढरं हाकण्यात हसण्यासारखं काय आहे, हे त्यांना कळलं नसावं.

काशिनाथभाऊ मुरूमचे. दादा आणि ते एकाच भरतीत निवडले गेले, एकाच गाडीनं गेले. पण ते लागले विमानवाहू जहाजावर. सुट्टीत दोघं एकत्र यायचे आणि लग्नाकार्यात एकत्र मिरवायचे. तिथं ओळख करून देणारा माणूस आधी काशिनाथभाऊंच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "हे विमानवाहू जहाजावर असतात." मग लोक 'अरे वा' म्हणायचे, जहाजावर विमान उतरतं कसं ते विचारायचे. काशिनाथभाऊ रंगवून सांगायचे. खरं तर त्यांचा सगळा वेळ खाली भाकऱ्या… नाही, चपात्या लाटण्यात जायचा, वर विमान उतरलं की त्यांना फक्त धक्का कळायचा. पण ते सांगत असताना आपणच विमान उतरवलं असं वाटायचं. आणि मग कुणाला तरी दादाची आठवण यायची. "आन् हे बी नौदलातच हायेत." बस्स. त्या 'हे बी'नंतर कुणी काही विचारत नसे. दादा हात जोडायचा आणि पंगतीत वाढायला जायचा.

मला त्या 'हे बी'चा भयंकर राग यायचा, आणि अजून येतो. कारण मला ठाऊक होतं त्यानं काय काय केलंय ते. एकदा एका बेटाला वादळाचा तडाखा बसला. धक्के मोडून पडले होते, मोठ्या जहाजांना जवळ जाता येईना. दादाचं जहाज गेलं, नाक वाळूत टेकवलं, दार उघडलं. माणसं भेदरलेली. त्या काळोख्या पोटात शिरायला कुणी तयार होईना. सगळ्यात पुढं एक म्हातारी उभी होती, हातात शेळीचं दावं. शेळी सोडून येणार नाही म्हणाली. अधिकारी तिला समजावत होते. दादानं काहीच समजावलं नाही. त्यानं शेळी उचलून खांद्यावर टाकली आणि सरळ दारातून आत चालू लागला. त्याच्यामागं म्हातारी, तिच्यामागं सुना-नातवंडं, आणि त्यांच्यामागं अख्खं गाव. हे त्यानं घरी सांगितलं तेव्हा आप्पा वाकळेवर बसले होते. ते म्हणाले, "शेळी फुडं घातली, बेस केलं." दादाला एवढं बोलणं पुष्कळ दिवस पुरलं. पण माणसाला आपल्या बापाकडून अजून काहीतरी ऐकायचं असतंच. दादालाही ऐकायचं होतं, फक्त तो बोलून दाखवत नसे.

निवृत्तीनंतर दोघं मित्र परत आले. काशिनाथभाऊंनी मुरूमच्या बाजारात किराणा दुकान टाकलं. गल्ल्याच्या वर जहाजाचा मोठा फोटो, त्याला रोज उदबत्ती. पुढं त्यांचं ते जुनं जहाज सेवेतून गेलं आणि मोडीतही निघालं. ज्या दिवशी ते कळलं त्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं नाही. फोटो मात्र तसाच राहिला. दादा शेती बघू लागला, आप्पांची मेंढरं बघू लागला. दर आठवड्याला एकदा तरी दोघांची गाठ पडायची आणि गाठ पडली की भांडण ठरलेलं.

त्यातलं सगळ्यात मोठं भांडण लागलं ते मोबाईलवरच्या एका फोटोवरून. आपल्या देशात बांधलेलं नवं विमानवाहू जहाज तेव्हा टीव्हीवर सारखं दाखवत होते. काशिनाथभाऊ त्या सुमारास असे चालायचे, जणू ते जहाज त्यांच्याच घरचं. त्यातच कुणीतरी अमेरिकेच्या एका जहाजाचा फोटो पाठवला. वरून सपाट, पाठीवर विमानं उभी. काशिनाथभाऊ म्हणाले, "हे बघ, ह्येंचं विमानवाहू." दादानं चष्मा लावला, फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाला, "हे तुमच्यातलं न्हाय. आमच्यातलं हाय."

"आरं, वर विमानं दिसायलीत की. आंधळा हाईस का?"

"विमानं असली म्हनून काय झालं? पोटात बघ. मागनं दार हाय. पोटात पानी घेतं, तळं करतं, आन् त्या तळ्यातनं होड्या भाईर सोडतं. किनाऱ्यावर मानसं उतरवायचं जहाज हाय ते. आमच्या भावकीतलं."

"तुमच्या भावकीतलं एवढं मोठं आसतंय व्हय?"

"तुझ्या नव्या जहाजाच्या तोडीस तोड हाय. लांबीत पाचेक मीटरचा फरक, वजनात बी उन्नीस-बीस."

यावर काशिनाथभाऊ हसले, आणि ते हसू दादाला लागलं. त्याचं म्हणणं खरंच होतं. अमेरिकेची सगळ्यात मोठी विमानवाहू जहाजं फार पुढं गेलेली, ती सव्वातीनशे मीटरच्याही वर. पण त्यांची ही किनाऱ्यावर उतरवणारी जहाजं इतर देशांच्या विमानवाहू जहाजांच्या बरोबरीला येतात. आपलं नवं आणि त्यांचं हे, दोन्ही अडीचशे मीटरच्या थोडी वर. पण आकडे सांगून कोण ऐकतंय? बिरोबाच्या जत्रेला दोन दिवस उरले होते. पारावरच्या मंडळींनी ठरवूनच टाकलं, जत्रेच्या दुसऱ्या दिवशी गायरानात दोन्ही जहाजं पांढऱ्या फक्कीनं आखायची आणि डोळ्यांनी बघायची. कुस्त्यांचा आखाडा आखतात तसाच, फक्त जरा मोठा.

मी दरवर्षी जत्रेला माहेरी जाते, त्यामुळं हे सगळं माझ्यासमोर घडलं. दादानं आदल्या संध्याकाळी अंबाडीचा लांब दोर काढला, गवंड्याकडून टेप आणला, आणि दोराला पंचवीस मीटरवर गाठ मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी गायरानात ही गर्दी. आप्पा काठी टेकत आले आणि बाभळीखाली बसले. देवळाच्या बाजूला एक रेघ ओढली, दोन्ही जहाजांची शेपटी तिथं. आधी काशिनाथभाऊंचं, म्हणजे आपलं नवं. दोरावर दोर टाकत, फक्की ओढत ते निघाले. मग मध्ये चहा झाला, जत्रेचे उरलेले लाडू झाले, उन्हं चढली. त्यानंतर दादाच्या बाजूचं, म्हणजे त्या अमेरिकेच्या जहाजाचं. ते आखून संपलं आणि गायरानात एकच गलका झाला. दादाची रेघ काशिनाथभाऊंच्या रेघेच्या चार पावलं पुढं गेली होती.

लोकांनी दादाला उचलायचंच बाकी ठेवलं. चुलते म्हणाले, "काशिनाथ, आता दुकानातला फोटो उतरव." काशिनाथभाऊंचा चेहरा उतरला. आपलं जहाज मोठं आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण रेघ समोर दिसत होती. "म्याच कुठं तरी चुकलो आसंन," एवढंच म्हणाले. मी तर टाळ्या वाजवत होते. खोटं कशाला सांगू, मला वाटलं, फिटलं एकदाचं ते 'हे बी'.

दादा मात्र दोर हातात घेऊन उभा होता. तो दोर बोटांनी चाचपत होता, एकदा गाठीकडं बघत होता, एकदा त्या दोन रेघांकडं. मग तो आप्पांपाशी आला. मी शेजारीच होते.

"आप्पा, सकाळी दोर हौदात टाकला होता का तुम्ही?"

"व्हय," आप्पा म्हणाले. "कोरडा दोर हाताला काचतोय. भिजवून मऊ केला. तुझ्यासाठनं."

आमच्या घरात कोरडा दोर कुणी हातात धरत नाही. मेंढरांभोवती लावायची जाळी, वाघूर, तिच्या दोऱ्या बांधायच्या आधी हौदात भिजवायच्या, हे आम्हाला जन्मापासून माहीत. आणि ओला दोर आखडतो, हेही माहीत. पण त्या सकाळी ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. काशिनाथभाऊंचं जहाज ओल्या, आखडलेल्या दोरानं मोजलं होतं. दादाच्या वेळेपर्यंत उन्हानं दोर वाळला होता.

ही गोष्ट त्या घडीला फक्त तिघांना ठाऊक होती. दादाला, आप्पांना आणि मला. गाव खूश होतं, काशिनाथभाऊ हार मानून बसले होते. दादानं गप्प राहायचं ठरवलं असतं तर आयुष्यभर पुरेल एवढा मान त्या चार पावलांत होता. मी हळूच म्हटलंही, "राहू दे की दादा." त्यानं माझ्याकडं बघितलं, रागानं नाही, पण मी मागं सरले. मग तो गर्दीत गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सकाळी दोर ओला होता. काशिनाथचं जहाज आखूड पडलंय. पुन्यांदा मोजू."

पुन्हा मोजलं. काशिनाथभाऊंचं जहाज शेजारच्या रानात, ज्वारीच्या धसकटांत घुसलं. आता ते दादाच्या रेघेच्या सहा-सात पावलं पुढं होतं, जसं असायला हवं होतं तसं. लोक जरा हिरमुसले. दादा म्हणाला, "म्या म्हनलं तेवढाच फरक हाय बगा." आणि तो अंगावरची फक्की झटकू लागला.

खेळ संपला असं सगळ्यांना वाटलं तेव्हा आप्पा काठी टेकून उठले. दोन्ही रेघांमधून हळूहळू चालत फिरले आणि म्हणाले, "बिरू, ह्यातलं तुझं कुठलं?"

"ह्यातलं न्हाय आप्पा. हे परदेशाचं हाय. आमच्या जातीचं, पर माझं न्हाय."

"मग परक्याचं कशाला दाखवायलास? तुझं दाखव की."

दादा घुटमळला. तेव्हा मला कळलं की सगळ्या खटाटोपात त्यानं आपलं जहाज आखायचा विषयच काढला नव्हता. अमेरिकेचं आखून दाखवलं, कारण स्वतःचं दाखवायला त्याचा जीव धजत नव्हता. इतकी वर्षं ऐकलेलं ते 'हे बी' त्याच्या आत जाऊन बसलं होतं. पण बाप सांगतोय म्हटल्यावर इलाज नव्हता. त्यानं दोर उचलला, आणि त्या दोन दांडग्या जहाजांच्या शेजारी आपलं आखलं. ते त्यांच्या निम्म्यालाही पुरलं नाही. गर्दीतली माणसं जमिनीकडं बघू लागली… आणि चेष्टेपेक्षा ते वाईट होतं.

आप्पा त्या लहान जहाजात शिरले. पुढच्या टोकापर्यंत चालत गेले. "दार कुठाय?"

"हे नाकच दार हाय आप्पा. हितनं उघडतंय."

"आन् समदी हितनंच भाईर पडत्यात? तुझी ती शेळीवाली म्हातारी बी?"

"व्हय. तीबी हितनंच."

आप्पांनी मान डोलावली आणि काशिनाथभाऊंकडं वळले. "तुमच्याला दार हाय का रं?"

"न्हाय आप्पा," काशिनाथभाऊ म्हणाले. "आमच्याला शिडी."

"मंग ठीक हाय," आप्पा म्हणाले. "मेंढरांच्या वाडग्याची लांबी बघत नसत्यात, दार बघत्यात. दार धड आसलं की कळप धड." आणि सगळ्या गावासमोर म्हणाले, "माझ्या पोराचं दार चांगलं हाय."

बाकी काही नाही. पण दादा खाली बसला. मातीत मांडी घालून बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी आयुष्यात त्याला रडताना तेवढं एकदाच बघितलं. वादळात, बेटावर रडला होता की नाही कोण जाणे, पण गायरानात रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उठलो तर आप्पा घरात नव्हते. गायरानात जाऊन त्यांनी दादाच्या जहाजाच्या नाकाशी दोन मोठे दगड रोवले होते, दाराच्या दोन बाजूंना दोन. त्यांना चुना फासला होता. आणि मग मेंढरं चरायला काढली ती त्या दोन दगडांमधूनच. फक्कीची रेघ पुढं वाऱ्यानं आणि पावसानं गेली, पण दगड तिथंच आहेत. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी गावातले सगळे कळप त्या दारातून काढायची तेव्हापासून पद्धतच पडली. बिरूचं दार म्हणतात त्याला. पुढच्या वर्षी आप्पा गेले. त्यांच्यानंतर दगडांना चुना दादा लावायचा.

आणि आमच्या घरात एक बोलणं शिल्लक राहिलं. कुणी जरा फुशारकी मारायला लागलं की दादा शांतपणे विचारायचा, "दोर वाळलाय का?" माझे यजमान लॉजचं कौतुक करायला लागले की मीही विचारते. आमच्या तुळजापुरात त्या प्रश्नाचा अर्थ कुणाला कळत नाही, पण माझ्या घरात आवाज लगेच खाली येतो.

दादाला जाऊन महिना होत आला आणि यंदाची जत्रा आली. जावं की नाही असं मनात होतं. पण गेले. कुस्त्या झाल्या, दुसरा दिवस उजाडला, आणि बघते तर काशिनाथभाऊ मुरूमहून जीपनं आलेले, सोबत फक्कीचं पोतं. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत, तरी ते दादाच्या घरी गेले आणि खुंटीवरचा अंबाडीचा दोर काढून आणला. माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "ताई, तुमी बघा आदी." मी दोर चाचपला. खडखडीत वाळलेला होता, हाताला काचत होता. मी एक टोक धरलं, त्यांनी दुसरं.

त्यांनी फक्त दादाचं जहाज आखलं. शेपटीपासून निघून, दोरावर दोर टाकत, त्या दोन पांढऱ्या दगडांपाशी बरोबर आणून मिळवलं. कुणीतरी विचारलं, "भाऊ, तुमचं मोठं न्हाय आखायचं?" ते नुसतं हात हलवून नको म्हणाले.

जत्रेला आलेली, बाहेरगावची दोन-तीन माणसं बाजूला उभी होती. त्यांतल्या एकानं काशिनाथभाऊंना विचारलं, हे काय आहे. त्यांनी कंबर सरळ केली आणि भटारखान्यातल्या जुन्या आवाजात सांगायला लागले. हे आमच्या बिरूचं जहाज. हे नाक, हे दार. हे वाळूत टेकतं, मग दार उघडतं. वादळात अख्खं गाव त्यानं ह्यात घेतलं, शेळी खांद्यावर घालून. काशिनाथभाऊ रंगात आले होते आणि माणसं तोंड उघडं ठेवून ऐकत होती. मी ते ऐकत उभी होते, आणि मला दादाचा इतका अभिमान वाटत होता की डोळे पुसायचंही सुचलं नाही. तेवढ्यात देवळाच्या बाजूनं मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा वाजायला लागल्या. पाहुण्यानं विचारलं, "आणि तुम्ही?"

"म्या?" काशिनाथभाऊ म्हणाले. "म्या बी नौदलातच होतो." आणि कळपासाठी दार मोकळं करून बाजूला झाले.